पाणी वर्ज्य

ता. ३ मे १९३२, मंगळवार

तानीला हगवण लागली. सकाळपासून सात वेळा. चौदा महिन्यांची पोर — अंगात आहे काय तिच्या! गिरणीच्या दवाखान्यात रोज असली दहा-बारा मुलं बघतो, औषध घोटून देतो. कंपाउंडरच्या घरी हे येणार नाही असं कुठं लिहिलंय?

घरी येताच सोजरला सांगितलं — खाणं बंद, अंगावरचं बंद, पाणी बंद. तिनं पोरीला पदराखालून बाजूला घेतलं. थोरल्या रावजीच्या वेळीही हेच सांगितलं होतं. येत्या श्रावणात त्याला जाऊन दोन वर्षं होतील. तेव्हा तानी पोटात होती.

ता. ४, बुधवार

म्युनिसिपालिटीचा माणूस चाळीच्या विहिरीत लाल औषध टाकून गेला. आठ दिवस आधी का नाही सुचलं? पाणी उकळून प्या म्हणून मी बायकांना सांगत फिरलो. एक म्हणाली, "सरपण तुमी देतासा व्हय?"

दवाखान्यात आज चौदा मुलं. डॉक्टरसाहेब एवढंच म्हणतात की खाणं तोडा. पाण्याचं मी माझ्या मनानं सांगतो. आमच्या मोहोळच्या घरात आज्यापासून हेच चालत आलंय — वरून ओतलं की खालून वाहणारच. बाटलीवर चिठ्ठी डकवतो, त्यावर ठळक लिहितो: पाणी वर्ज्य. अक्षर चांगलं आहे माझं.

ता. ५, गुरुवार

शेजारची गोजाबाई डोकावली. मंगळवेढ्याकडची धनगरीण, मेंढरं विकून नवरा गिरणीत लागलाय. तानीची टाळू चाचपून म्हणाली, "लई खोल गेली की. कोकराला हगवण लागली की आमी जोंधळ्याच्या कण्या शिजवून वरची निवळ पाजतो, मीठ घालून. तहानेनं मरू देत न्हाय."

मी भडकलो. माझी पोर म्हणजे काय कोकरू आहे? पंधरा वर्षं औषधं घोटतोय मी! ती माघारी गेली. सोजर तिच्यामागं दारापर्यंत गेली. उगाच बोललो, पण डोकं ठिकाणावर नाही.

ता. ६, शुक्रवार

तानी रडते, पण डोळ्यांत थेंब नाही. संध्याकाळी घरी आलो तर सोजरचा पदर ओलाचिंब. दिवसभर रडत बसते बिचारी.

ता. ७, शनिवार

पोर माठाकडे हात करते. बोलता येत नाही, नुसता हात. मला बघवेना. माठ उचलून दाराबाहेर ठेवला. मग दाराकडे हात करायला लागली! मीही आता तिच्यासमोर पाणी पीत नाही. दवाखान्यातच पिऊन येतो.

रावजीही असाच करायचा. शेवटी शेवटी माझी बोटं चोखायचा. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ता. ८, रविवार

दवाखाना बंद. दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिलो, जरा हललो नाही. सकाळी नजर तरी फिरवत होती, दुपारनंतर तीही नाही. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. लघवी सकाळपासून नाही. सोजर कोपऱ्यात बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. म्हणाली, "जरा बाहीर जाऊन या की." मी म्हटलं, मी आता कुठं जाऊ? आज तिचा पदर कोरडा. रडणंसुद्धा आटलं.

देवा, एक नेलंस, आता ही पण? सगळी औषधं माझ्या हाताखालची, आणि माझ्याच घरात एक लागू पडू नये! मी कसला कंपाउंडर!

ता. ९, सोमवार

जायचं नव्हतं. सोजरनं अक्षरशः ढकलून घालवलं. "तितं पोरं वाट बघत्यात, जावा."

चिठ्ठ्या लिहिल्या. अकरा बाटल्या, अकरा चिठ्ठ्या. घरी येताना गल्लीच्या तोंडाशी थांबून कान दिला — बायकांचं रडणं ऐकू येतंय का.

तानी जिवंत आहे. डोळे उघडे. दुपटं ओलं — लघवी झाली! ते दुपटं मी तोंडाला लावलं. माणूस किती खुळा होतो.

ता. १०, मंगळवार

आज दोनदाच झाली. माझी मिशी ओढली. गुण आला म्हणायचा! मन घट्ट करून पाणी तोडलं म्हणून. आता आयांना सांगायला माझ्या घरचाच दाखला आहे. चिठ्ठ्या उद्यापासून तांबड्या शाईनं लिहीन.

ता. ११, बुधवार

सकाळी सोजरला म्हटलं, "बघितलंस? पाणी तोडलं म्हणून वाचली."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "पाजत हुते की मी. गोजाबाईची निवळ. तुमची पाठ वळली की पदराचं टोक भिजवायचं आन् तिच्या तोंडात पिळायचं. रविवारी तुमी हलला न्हाईसा, तवा जाणारच हुती ती."

मग विचारलं, "आणि रावजीच्या वेळी?"

"तवा तुमचं ऐकलं."