कासविणीची चार पानं

ता. अर्जुनी मोरगाव
२४ मे २०२५

दुर्पताबाई,

सेवा जोहार. आम्ही इकडे सगळे ठीक. तू अन् तुझी नागपूरची शाळा कशी आहे? यंदा उन्हानं जीव काढला. तेंदूपत्त्याचा सीझन चालू आहे. पहाटे जंगलात जातो, दुपारी अंगणातल्या मांडवात बसून पुडे बांधतो. सत्तर पत्त्यांचा एक पुडा, तू विसरली नसशील. फोनवर हे मले बोलता येत नाही, म्हणून लिहून राहिलो.

तुझी भाची वाचून राहिली, बाई. आता तिसरीत जाईल. पंधरा दिवस झाले, आम्ही पुडे बांधतो अन् खुशबू मधोमध बसून मोठ्यानं गोष्टी वाचते. पहिल्या दिवशी बोट ठेवून एकेक अक्षर, नुसती अडखळत होती. शेजारची सुशिलाबाई म्हणे, "कायले डोकं खाऊन राहिली पोरगी?" तिसऱ्या दिवशी सुशिलाबाईच सगळ्यात आधी येऊन बसली. तिची नात आचल चार वर्षांची. तिले अक्षर येत नाही, पण चित्र पाहून झाल्याशिवाय पान पलटू देत नाही. गल्लीतली आणखी पोरं येतात. खेळायचं सोडून येतात.

परवा कासविणीची गोष्ट चालू होती. तलाव आटला, पिल्लं घेऊन ती दुसऱ्या तलावाकडे निघाली, मधात डांबरी रस्ता. ऐकता ऐकता आमची सगळ्यांची मोजणी सुटली. संध्याकाळी फळीवर, पत्ता विकतो तिथं, ठेकेदाराच्या मुन्शीनं पुडे सोडून पाहिले, कोणात नव्वद पत्ते, कोणात पन्नास. "क्या हुआ, पूरा गाँव गिनती भूल गया?" म्हणे. माझ्या एका पुड्यात एकशे चार निघाले. लहानपणापासून बांधतो, असं कधी झालं नाही. एवढीशी पोरगी, अन् तिच्या तोंडून तो तलाव, ती पिल्लं, तो डांबरी रस्ता आमच्या अंगणात उतरला. मी तिच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. ही माझ्या घरात जन्मली, हे खरंच वाटेना.

कासवीण रस्त्यापाशी आली अन् पुढची चार पानं नाहीत. "मंग? पार झाली का नाही?" सगळे विचारून राहिले. आचल रडायले लागली. खुशबू मले म्हणाली, "बाबा, पानं कोणं फाडली?" मी म्हटलं, उंदरानं.

पुस्तकं तूच पाठवलेली, बाई. गेल्या पावसाळ्यात पार्सल आलं होतं. फोनवर मी आलंच नाही म्हटलं, ते खोटं. तू शिकत शिकत गेली अन् मंग घरची राहिली नाही. माय गेली तेव्हाही तू दुसऱ्या दिवशी पोचली. तो राग माझ्या पोटात होता, अन् खुशबूही अशीच जाईल ही भीती त्याहून मोठी. त्या दिवशी ओली लाकडं पेटत नव्हती. मी वरचं पुस्तक घेतलं, मागची पानं फाडली अन् चुलीत घातली. मंग हात थांबला. काऊन थांबला ते सांगता येत नाही. बाकीची माळ्यावर फेकली. यंदा खुशबू दोरी काढायले चढली तेव्हा तिले सापडली.

उंदराचं तिनं खरं मानलं. घरातला धान्याचा डबा रिकामा करून घासला, पुस्तकं त्यात ठेवली, झाकणावर पाटा ठेवते. रोज दुपारी उघडून आधी सगळे कोपरे पाहते. ते मले पाहवत नाही.

ती चार पानं दुसऱ्या प्रतीतून उतरवून पाठव. जमलं तर स्वतः घेऊन ये. पोरगी पुढं जायची असेल तर जाऊ दे. मीच तिले स्टँडवर सोडीन. रडीन, पण सोडीन.

पत्र अजून पाकिटात घातलं नाही. खुशबू समोर बसली आहे. आधी तिच्या हातात देऊन राहिलो. सांगितलं, हे मोठ्यानं नको, मनातल्या मनात वाच.

तुझा भाऊ अन् तिचा बाप,
हेमराज