एका पोर्टावर दोन आवाज

प्रिय ठोंब्या,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून हे कागदावर लिहितेय. माझ्या अक्षराला हसू नकोस. की-बोर्ड बडवून बडवून बोटं पेन धरायचं विसरलीत. आई बरी आहे. डोळ्याचं पाणी गळायचं थांबलंय, जीभ मात्र पूर्वीइतकीच धारदार आहे. तिला कुणी तब्येत विचारली की म्हणते, मी ठणठणीत आहे, औषधंच आजारी पडायची वेळ आलीय. तुझ्याबद्दल ती विचारत नाही. तुला चांगलं माहितेय की ती विचारत नाही तेव्हाच काळजी करायची असते. परवा तुझ्या नावाचं काहीतरी कुरियर आलं, तर सही करताना तिने तुझंच नाव लिहिलं आणि मग स्वतःशीच चिडली.

इथे दवाखान्यात तुझ्या खुर्चीवर एक नवीन मुलगा आलाय. पेनांची टोपणं चावतो. कामाला बरा आहे, पण सर्व्हर रूमच्या थंडीत सारखा शिंकतो आणि दर शिंकेला मला वाटतं आता हा कुठली तरी केबल उपटणार. साहेब आहेत तसेच आहेत. काही बिघडलं की आधी कानावर हात, मग दुसऱ्याच्या खांद्यावर. तळघरातला तो दिवा अजून लुकलुकतो. तू असताना रोज म्हणायचास की उद्या बदलतो. मीही आता रोज तेच म्हणते.

आईने मागच्या आठवड्यात अचानक विचारलं, तुम्ही दोघं त्या तळघरात नक्की करायचात काय? इतकी वर्षं झाली, तिने कधी विचारलं नव्हतं. मी भाजी निवडत होते, तशीच सांगत बसले. म्हटलं, प्रत्येक यंत्र आपल्या शेजारच्या यंत्राला थोड्या थोड्या वेळाने सांगत असतं की मी अमुक, माझी ही तार तुझ्या त्या भोकात आहे. त्याला आम्ही एलएलडीपी म्हणतो. शेजारी ते लक्षात ठेवतो, आणि सांगणं बंद झालं की काही वेळाने विसरून जातो. मग तिला कार्डाचं सांगितलं. नेटवर्कचं एकच कार्ड, पण आतून त्याची कितीतरी आभासी कार्डं करायची आणि सर्व्हरच्या आतल्या एकेका व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे आभासी यंत्राला, एकेक वाटून द्यायची. एका घरात खोल्या पाडून भाडेकरू ठेवावेत तसं. एरवी घराबाहेर तोंड फक्त घरमालकाचं, म्हणजे त्या कार्डाचं. शेजाऱ्याची हाळी आली तरी तोच ऐकतो आणि तोच गिळून टाकतो, आतल्या खोल्यांपर्यंत ती पोचतच नाही. पण हृदयविभागातल्या खाटांवरून रुग्णांच्या नाडीचे आकडे गोळा करणाऱ्या आपल्या मशीनला स्वतःच शेजाऱ्याशी बोलायचं होतं. मग काय करायचं, तर आधी घरमालकाला गप्प करायचं आणि मग एका, फक्त एका भाडेकरूला बोलायची परवानगी द्यायची. आई देठ मोडता मोडता म्हणाली, आणि दोघंही ओरडले तर? मी सांगितलं की मी स्विचवर, म्हणजे सगळ्या तारा जिथे येतात त्या पेटीवर, नियम घालून ठेवलाय, एका पोर्टावर, म्हणजे एका भोकावर, एकच शेजारी. दोन आवाज आले की कुणीतरी भलतंच घुसलंय असं समजून स्विच ते दारच बंद करतो. तिने निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, आणि दार बंद झालं तेव्हा घरात कोण होतं?

तुला ते काम दिलं तो दिवस मला लख्ख आठवतो. तू सकाळपासून त्या कार्डाला शिव्या घालत होतास, आणि जेव्हा त्या मशीनला स्विचचं नाव दिसलं तेव्हा खुर्चीसकट गोल फिरलास. घरमालक गप्प, भाडेकरू बोलतोय, सगळं जिथल्या तिथे. मी तुला विचारलं होतं, रीस्टार्ट करून बघितलंस का. आपला नियमच होता तो, आणि तो मीच तुला शिकवला होता. बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही. तू म्हणालास, वॉर्ड भरलेला आहे, आत्ता कसा करू, रविवारी करतो. तेही बरोबरच होतं. मग रविवार आला आणि गेला. ठोंब्या, त्यात मला फार मोठं पाप दिसत नाही. असे किती रविवार माझ्याही हातून गेलेत.

ती दुपार मी पाहिली नाही, कारण मी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. सकाळी विजेची दुरुस्ती झाली होती आणि सर्व्हर बंद करून चालू करावे लागले होते, एवढं मला माहीत होतं. हृदयविभागाच्या कोपऱ्यातल्या खोलीत तो शिंपी दाखल होता. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर नुसती नजर टाकून माप सांगायचा. साहेबांना म्हणाला होता, तुमचा कोट तुमच्या थोरल्या भावाचा दिसतोय. बाहेर भिंतीला ड्रिलने भोकं पाडत होते, म्हणून त्याने दार लावून घ्यायला सांगितलं होतं. त्या बंद दाराआड त्याचं हृदय थांबलं. खाटेजवळचा मॉनिटर ओरडत राहिला, पण ड्रिलच्या आवाजात कुणालाच ऐकू गेला नाही. सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनवर मात्र त्याची नाडी छान चालू होती. औषधाची वेळ झाली तेव्हा सिस्टरने दार उघडलं, तोवर तो गेला होता. संध्याकाळी मी तुला फोन केला, तर तू म्हणालास, स्क्रीनची एक केबल सैल होती, बसवली. मी स्विच उघडूनसुद्धा बघितला नाही. तू सांगितलंस ना, मग बघायचं कशाला.

पुढचं तुझ्या कानावर आलं असेल किंवा नसेलही. तू महिन्याभरात नोकरी सोडून गेलास आणि चौकशी त्यानंतर झाली. समितीने लिहिलं की यंत्रणा ठीक होती, सिस्टरचं लक्ष नव्हतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते मी आजवर नुसतं ऐकत आले होते. आपली ती जाड भिंगांची सिस्टर रे, आईच्या ऑपरेशनच्या वेळी तू जिन्यात रडत बसलास तेव्हा जिने तुला चहा पाजून दटावलं, ती. तिला कामावरून काढलं. लोक तिच्या घरासमोरून जाताना आवाज खाली करतात. आता तिचा परवानाच रद्द करायचं चाललंय, म्हणजे कुठल्याच दवाखान्यात तिला पुन्हा रुग्णाला हात लावता येणार नाही. दुसरं काही येत नाही तिला, आणि दुसरं काही करायचंही नाही.

ती तिचं सामान न्यायला आली होती, तेव्हा मला लॉकरपाशी भेटली. एक स्वेटर, चपला आणि चहाचा एक मग, एवढंच. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. तर ती म्हणाली, तुम्हाला म्हणून सांगते ताई, मी दर थोड्या वेळाने त्या स्क्रीनकडे बघत होते. आकडे होते, पण हलत नव्हते. नाडीचा आकडा असा एका जागी बसून राहतो का कधी? मला नंतर कळलं ते. समितीला सांगितलं तर ते म्हणाले, आता असंच म्हणणार तुम्ही. ती रडली नाही. तो चहाचा मग तिने पिशवीत घातला आणि गेली. मी तिथेच उभी राहिले, कारण आकडे कधी गोठतात ते मला माहीत आहे. मशीनला खाटांकडून काही मिळेनासं झालं की त्या स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहतो. स्क्रीनची केबल सैल असती तर स्क्रीन काळा झाला असता.

मग मी तुझ्याच कार्डाचं जुळं कार्ड कपाटातून काढलं आणि तू केलं होतंस ते सगळं पुन्हा केलं. खरं सांगू? तू निर्दोष निघावास म्हणूनच मी ते करत होते. कार्डाला गप्प केलं, एका आभासी कार्डाला बोलायची परवानगी दिली, सगळं सुरळीत चाललं. मग बंद करून चालू केलं. भाडेकरूची परवानगी जशीच्या तशी राहिली, पण घरमालकाला गप्प केलेलं ते विसरलं. कार्ड जागं झालं आणि पुन्हा बोलायला लागलं. एका पोर्टावर दोन आवाज आले आणि माझ्या नियमाने पोर्ट बंद केला. म्हणजे कुलूप माझं होतं, हे मी कुणापासून लपवणार नाही. मी परत परत करून बघितलं. प्रत्येक वेळी तेच. म्हणजे त्या दुपारी तू तो पोर्ट उघडलास, कार्डाला पुन्हा गप्प केलंस, या वेळी ते नीट टिकेल असं केलंस, आणि वर येऊन केबल म्हणालास. तुला सगळं कळलं होतं. तुझ्याइतकं लवकर कुणालाच कळलं नसतं.

मी तुझ्यावर फार चिडले आहे. चूक झाली म्हणून नाही. ती चूक आपल्या धंद्यातल्या कुणाच्याही हातून होईल आणि तिच्यासाठी मी तुझ्या शेजारी उभी राहिले असते. तू खाली मान घालून आला असतास तर साहेबांशी मी भांडले असते. पण तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास आणि त्या बाईला तुझ्या जागी उभं राहू दिलंस. तू तिकडे नीट झोपत नसणार, हेही मला माहीत आहे. लहानपणी काही फोडलंस की खांबासारखा उभा राहायचास, ना हो ना नाही, आणि आई म्हणायची, कळलं हो ठोंब्या, तूच ते. तेव्हा तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला मार बसत नव्हता. तू वाईट आहेस असं मला अजूनही वाटत नाही. तू भ्यालास. मीही भ्याले, म्हणून कार्डाचं कळून इतके दिवस झाले तरी कुणाला बोलले नाही. पण आपल्या दोघांच्या भीतीची किंमत तिसरंच कुणी मोजतंय.

येत्या सोमवारी सिस्टरची शेवटची सुनावणी आहे. तिथे मी ते जुळं कार्ड घेऊन जाणार आहे, समितीसमोर बंद करून चालू करून दाखवणार आहे, आणि मूळ कार्ड कुणी लावलं असं विचारतील तेव्हा तुझं नाव सांगणार आहे. ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, एवढ्यासाठीच हे पत्र. तू आलास तर मी बाजूला होईन आणि तू बोल. तू बोललास तर ते वेगळं होईल. तुझ्यासाठी होईल का ते सांगता येत नाही, पण तिच्यासाठी नक्की होईल. तुझी तिकडची नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल. होणार नाही अशी खोटी आशा मी तुला दाखवत नाही. आईला मी काल सगळं सांगितलं. ती माझ्याबरोबर येणार आहे. जाड भिंगांच्या त्या सिस्टरशेजारी बसणार म्हणते, तू आलास तरी आणि नाही आलास तरी.

सोमवारी तुझं नाव घेणारी, तरीही तुझीच,
ताई