घड्याळजींकडची रेकॉर्ड

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

माझी तब्येत उत्तम आहे, आईला सांगा. तुमची धाप कमी झाली का?

आम्ही जॅझवेडे दर रविवारी घड्याळजींच्या खोलीत जमायचो. तुम्ही ट्रम्पेट वाजवलेली रेकॉर्ड मी त्यांना ऐकायला दिली होती. "हातातून पडून फुटली रे," म्हणत ते रडले. मीच त्यांची समजूत घातली.

काल सहज त्यांच्याकडे गेलो, तर जिन्यातच तुमचा ट्रम्पेट ऐकू आला. आत ते पाहुण्यांना सांगत होते, "अशी प्रत दुसरी कुणाकडे नाही." मी रेकॉर्ड उचलली आणि म्हणालो, "यापुढे रविवारी मी येणार नाही."

"एवढ्यासाठी मैत्री तोडतोस?" त्यांनी विचारलं.

बाबा, रेकॉर्ड सुखरूप आहे. पण ती ऐकायला आता इथे माझ्याबरोबर कुणी नाही.

तुमचा,
धाकटा