विहीणबाईंसाठी टाचण

४ मार्च, मंगळवार

विहीणबाई उद्यापासून माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणार!

लेकीचं दुसरं बाळंतपण मेअखेरीस. जायला हवं होतं मी. पण गुडघ्याचं ऑपरेशन मध्येच उपटलं आणि डॉक्टरांनी विमानाचं नावच काढू दिलं नाही. म्हणून जावयाची आई जाणार. काल लेक फोनवर म्हणाली, "आई, तुझा नातू मराठीतलं एक वाक्य बोलत नाही. मी दवाखान्यात असताना ही दोघं बोलणार काय? खुणा?"

आजवर त्याची बोलणारी आजी मी एकटीच. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही इंग्रजीत केवढ्या गप्पा हाणतो! विहीणबाई आल्या असल्या तर माझ्या मागे उभ्या राहून नुसता हात हलवतात. त्यांचं वाईट वाटायचं. थोडं बरंही वाटायचं.

असो. तासाचं टाचण काढायला बसले. हेतू, साहित्य, प्रस्तावना, सराव, मूल्यमापन. समास आखताना कॉन्व्हेंटातल्या आमच्या सिस्टर आठवल्या. त्यांचं टाचण कधी चुकलं नाही. घंटा चुकायची. तास संपायच्या आत वाजली, तर सिस्टर तिच्याकडे अशा बघायच्या, की आम्हालाच घंटेची दया यायची.

५ मार्च, बुधवार

पाठ पहिला : स्वतःची ओळख.

"माय नेम इज... माझ्यामागून म्हणा."

विहीणबाई पर्स मांडीवर गच्च धरून बसलेल्या. "तुमच्यामागून मी का म्हणू? मुलाकडची आहे मी!"

आणि वर, "आजी नातवाला आपलं नाव कशाला सांगेल हो? पोराला वाटेल, चौकशीला आली."

बाईंनी जन्मभर बेकरी चालवली आहे. गिऱ्हाईकाला सुद्धा रांगेत उभं करणारी बाई. मग म्हणाल्या, "मला 'जेवलास का' शिकवा. आणि 'कुणी मारलं तुला, दाखव मला त्याचं घर'."

"खाण्यापिण्याची वाक्यं सातव्या पाठात आहेत."

"म्हणजे सात पाठ होईपर्यंत पोर उपाशी?"

हेतू साध्य झाला नाही.

१२ मार्च, बुधवार

मुख्य अडचण — त्यांना चूक दाखवायची कशी? पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या वह्या लाल केल्या मी. पण लेकीच्या सासूला 'चुकलं' म्हणायची माझी छाती होत नाही! आज म्हणाले, "अगदी छान. फक्त जरा... दुसऱ्या बाजूनं म्हणून बघू या?"

"चुकलं म्हणा की सरळ," त्या म्हणाल्या. "मी काय तुमच्या लेकीला छळणार आहे?"

म्हटलं, "चुकलं."

तर दोन मिनिटं गाल फुगवून बसल्या!

२८ मार्च, शुक्रवार

आजचा पाठ : अचानक कळा सुरू झाल्या तर. हा पाठ चुकून चालणार नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रुग्णवाहिकेचा माणूस झाले. त्या हॉलमध्ये मोबाइल घेऊन. घरात सुनेशिवाय कुणी नाही, असं समजायचं.

"हॅलो! गाडी पाठवा!" — हे मराठीत.

मी इंग्रजीत पत्ता विचारला.

"सून कळा देतेय आणि याला पत्ता हवाय! निघा आधी, वाटेत सांगते!"

मी पुन्हा इंग्रजीत. त्या आणखी चढ्या आवाजात, "अहो माणसा, तुम्हाला आई-बहीण आहे की नाही?"

इतक्यात दारावर धडाधडा थापा. शेजारीण! हातात टॉवेल. "कोण अडलंय? कुठे आहे ती?"

तिघी मिळून हसलो. माझा गुडघा ठणकेपर्यंत. पण त्या गेल्यावर हसू पार मावळलं. खरंच तशी वेळ आली तर?

२ एप्रिल, बुधवार

आज टाचण कोरंच ठेवलं. वर नुसती तारीख. (सिस्टर, माफ करा.)

विचारलं, "तुम्हाला नातवाला काय सांगायचंय?"

मांडीवरची पर्स बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्याचा बाप लहानपणी माझा कान धरून झोपायचा. सोडवला की जागा व्हायचा. ते सांगायचंय."

हे वाक्य माझ्या कुठल्याच पाठात नव्हतं. सोप्या इंग्रजीत करून दिलं. माझ्यामागून म्हणाल्या. न सांगता. पुन्हा पुन्हा.

त्यानंतर पत्ता आणि 'बेबी कमिंग, कम फास्ट' एका बैठकीत पाठ!

२ मे, शुक्रवार

विहीणबाई गेल्या. विमानतळावर मला म्हणाल्या, "गुडघा सांभाळा मास्तरीणबाई." मी रडले. त्याही रडल्या, पण रांग मोडणाऱ्या माणसाला मध्येच दम देऊन.

११ मे, रविवार

फोन आला, पण नातू बोलायला थांबला नाही. "आजीबरोबर खेळतोय," लेक म्हणाली. "दिवसभर दोघांची टकळी चालू असते."

माझी मेहनत फळाला आली! मग चहा कडू का लागला?

२९ मे, गुरुवार

मुलगी झाली! पहाटेच कळा आल्या, जावई रात्रपाळीला. फोन विहीणबाईंनी लावला. पत्ता न अडखळता सांगितला आणि पुढे मराठीत झापलं. गाडी वेळेत आली. दोघी सुखरूप.

फोन ठेवला आणि एकटीच टाळ्या वाजवल्या.

८ जून, रविवार

आज नातू फोनवर आला. मी नेहमीसारखी इंग्रजीत सुरुवात केली. तो थांबला. मग स्वच्छ मराठीत, थेट विहीणबाईंच्या ठसक्यात म्हणाला, "आजी, असं नको ना. आपलं बोल."

एवढी वर्षं भाषा शिकवली मी — आणि पहिलं वाक्य कुठलं बोलावं, तेच सुचेना.