हाताचं यश

प्रिय आई,

फोनवर तू माझ्या जेवणाची चौकशी करतेस, बाबांच्या गुडघ्याचं सांगतेस, आणि मी गोठ्यांचा विषय काढला की गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवतेस. म्हणून हे कागदावर. सकाळपासून बसतेय आणि उठतेय. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, तुला मुंग्या चावताहेत का?

गमबूट घालून तू कृत्रिम रेतनाला जायला लागलीस, तेव्हा बाई आलेली बघून गोठेवाले हसायचे. मग तेच बोलवायला यायला लागले; बाईंचा हात हलका आहे म्हणायचे. आणि त्या वर्षी गायी उलटायला लागल्या. रेतन केलेली गाय पुन्हा माजावर, परत केली तरी तेच. मोठ्या गोठ्याचा मालक सगळ्यांदेखत म्हणाला, "बाईंच्या हाताला आता यश राहिलं नाही." तू भांडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तू घरी येऊन बूट धुतलेस, उन्हात उपडे घातलेस आणि भाजी चिरता चिरता म्हणालीस, "खरंच असेल गं." त्यानंतर तू कुणाच्या गोठ्यावर गेली नाहीस.

त्या वर्षी तुला ज्या वळूचं वीर्य येत होतं, त्याच्या वीर्यभरल्या कांड्या इथे आमच्या प्रयोगशाळेत अजून गोठवून ठेवलेल्या आहेत. मी त्या मागून घेतल्या. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू एकदम चपळ. म्हणूनच तर तो वळू दर तपासणीत पास होत गेला. मग मी ते गायीच्या गर्भाशयाच्या तोंडाशी असतो त्या चिकट स्रावात सोडले. बाकीच्या वळूंचे आरामात पार गेले. याचे सुरुवातीलाच अडकून वळवळत राहिले. शुक्राणूच्या अंगावर एका प्रथिनाचा मुलामा असतो. तो असला तरच त्या स्रावातून वाट मिळते. याच्या अंगावर तो जवळजवळ नाहीच. तू कितीही नीट काम केलं असतंस, तरी ते पुढे सरकणार नव्हते.

सर म्हणतात, सगळं पुन्हा करून बघ, तोवर कुठे बोलू नकोस. त्यांचं बरोबर आहे. दुसऱ्या तपासणीचा निकाल अजून यायचाय, आणि माझा पाय जागेवर ठरत नाही. उलटं निघालं तर तोंडावर आपटेन.

तरी लिहितेय, कारण काल मावशी बोलून गेली की तुझी कांड्या ठेवायची नायट्रोजनची टाकी आणि सगळं सामान तू गुरांच्या नव्या डॉक्टरांना देऊन टाकतेयस, आणि ते रविवारी न्यायला येणार आहेत. आई, देऊ नकोस. लेक येतेय, ती आल्यावर बघू, एवढंच त्यांना सांग. निकाल येवो न येवो, मी शनिवारी निघतेय. तो माझ्या मनासारखा लागला तर आपण दोघी मोठ्या गोठ्यावर जाऊ. काय झालं होतं ते मालकाला तू सांगायचंस. मी नुसती शेजारी उभी राहीन.

तुझीच,
धाकटी