लिफ्ट शॉर्टली सुरू होईल

आदरणीय भावोजी,

पाचव्या मजल्यावरून लिहिते आहे, त्यामुळे नमस्कार वरून खाली येतोय. राग मानू नये. ताईची कंबर, तुमची शुगर आणि तुमची लिफ्टदुरुस्तीची कंपनी कशी आहे? (पहिल्या दोहोंची चौकशी मनापासून आहे.)

गेल्या महिन्यात तुमचा माणूस 'लिफ्ट शॉर्टली सुरू होईल' अशी पाटी अडकवून गेला, तेव्हापासून अख्खी इमारत त्या एका इंग्रजी शब्दाचा अभ्यास करतेय. दुसऱ्या मजल्यावरच्या इंग्रजीच्या बाई म्हणाल्या, शॉर्टली म्हणजे थोड्याच वेळात. आणि भाजीची पिशवी धरून खालीच थांबल्या. (संध्याकाळी नवऱ्याने समजूत घालून वर नेलं.) तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांच्या मते, थोडा वेळ म्हणजे किती हे पाटीवर नसल्यामुळे तुम्ही कायद्याने निर्दोष आहात. आमच्या ह्यांनी तर शब्द वापरायलाच काढलाय. माळ्यावरचा पंखा कधी काढणार विचारलं, की पेपरातून डोकं वर न काढता, "शॉर्टली!"

तुमच्या सासूबाई (एरवी माझी आई, पण तक्रार असली की तुमच्या सासूबाई) तेव्हापासून खाली उतरलेल्या नाहीत. मोतीबिंदू पिकलाय, पायरी दिसत नाही, आणि खुर्चीत बसवून उचलून नेऊ म्हटलं तर म्हणते, "मी काय कपाट आहे?" शेवटी जिन्याच्या तोंडाशीच तिला खुर्ची टाकून दिली, शेजारी आणखी एक. आणि भावोजी, इथून पुढे खरंच तुमचे उपकार! लिफ्टमध्ये छताकडे बघत जाणारी सहाव्या-सातव्या मजल्यावरची माणसं आता आमच्या दारात बसून दम खातात, पाणी पितात, आणि पाणी प्यायल्यावर बोलावंच लागतं. आई एकेकाला नुसत्या धापेवरून ओळखते. "हा सातव्यावरचा बँकवाला. आज साहेबाने झापलेला दिसतोय." दिवसभर भिंतीशी भांडणारी बाई आता केस विंचरून संध्याकाळची वाट बघते. एवढं सुख तुमच्या कंपनीने लिफ्ट दुरुस्त करून जन्मात दिलं नसतं.

तुमची, दम लागलेली,
मेव्हणी

ता. क. आईचं ऑपरेशन बुधवारी आहे. त्या दिवशी लिफ्ट चालली नाही, तर तिला तुम्ही पाठंगुळीला घेऊन उतरवायचं, असं ताईनेच ठरवलंय.

आणखी एक ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणते, "जावईबापूंना सांग, मला वर आणून सोडलं की पाटी परत लावा. इतके दिवस नुसत्या धापा ऐकल्या, आता ही माणसं डोळ्यांनी बघायची आहेत." मग काढायची कधी, विचारलं, तर हसून म्हणाली, "शॉर्टली."