गाडी पाठवण्यापुरतं

३ मार्च

दादाला घरी बसवलं! रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन घेऊन घेऊन घसा फोडला त्याने, आणि आज काय पदरात? "निष्काळजीपणा"! चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही.

झालं ते असं — पत्ता लिहायच्या आतच 'गाडी पाठवा'च्या बटणावर बोट पडलं. कॉम्प्युटरच्या पडद्याने हूं की चूं केलं नाही. गाडी सुटली, भलत्याच भागात फिरत राहिली. एक आजोबा गेले.

दादा जेवला नाही. एवढंच म्हणाला, "पत्ता नव्हता गं. तरी गाडी सुटली कशी?"

गाड्या पाठवायचं ते सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं आहे.

४ मार्च

कोड उघडला. गाडी पाठवणाऱ्या फंक्शनला जी माहिती द्यायची, तिच्या टाइपवर, म्हणजे कुठले रकाने हवेत हे ठरवणाऱ्या साच्यावर, 'पार्शल' चढवलेलं! म्हणजे सगळे रकाने ऐच्छिक. नाव नाही? चालेल. पत्ता नाही? तोही चालेल! कोड तपासून आत सोडणारा कंपायलर म्हणजे दारावरचा पहारेकरी. त्याच्या डोळ्यांवर आम्हीच पट्टी बांधली.

हे काम आमच्या टीम लीडचं. मी त्याला मनात चालतंयकर म्हणते. म्हणाला, "अगं, जुनी नोंद दुरुस्त करताना एखादाच रकाना बदलतो, तिथे पार्शल लागतं. तोच टाइप इथे वापरला. चालतंय की!"

आजोबा चालतायत का?

६ मार्च

बैठकीत उभी राहून बोलले. "फंक्शनच्या पहिल्या ओळीला आपण सही म्हणतो. सही म्हणजे दिलेला शब्द! अर्धवट शब्दावर माणसाचा जीव टांगायचा?"

चालतंयकर — "सभा संपली? मग 'पिक' लावू. गाडी पाठवण्यापुरतं उचलू. पत्ता, फोन, एवढंच सक्तीचं. बस."

"तुमचं 'बस' बघितलं आम्ही! 'रिक्वायर्ड' लावा. सगळं सक्तीचं! एक रकाना रिकामा राहिला तरी बटण दबता कामा नये!"

टाळ्या! साहेबसुद्धा मान हलवत होते. चालतंयकर कॉफीचा कप घेऊन निघून गेला.

९ मार्च

बदल चढवला. टाइप, पडदा, सगळं. आता फट नाही.

१२ मार्च

दादा सुटला! चौकशीत मी दिलेला कोडचा पुरावाच कामी आला. दोष सॉफ्टवेअरचा, त्याचा नाही. उद्यापासून कामावर. स्वतः शर्टाला इस्त्री करत बसला होता. "भाषणबाई, लहानपणी तुझ्या तोंडाला कुलूप लावणार होतो मी. बरं झालं, किल्ली सापडली नाही!"

किती दिवसांनी हसला.

१३ मार्च

दादा आला. बूट न काढताच बसला. रस्त्यात कुणीतरी कोसळलेला, फोनवर एक वाटसरू बाई. नाव? माहीत नाही. वय? माहीत नाही. शेवटी त्याने खोटं नाव, खोटं वय भरलं. तोवर बाई म्हणाली, "आता राहू द्या."

"पत्ता होता गं," दादा म्हणाला. "तरी गाडी सुटेना."